पोटनिवडणुकीत गडबड दिसली तर तक्रार कुठे, कधी आणि कशी करायची

तीन पोटनिवडणुकांना मी बूथवर एजंट म्हणून बसलोय, दोन नगरपंचायतीच्या आणि एक ग्रामपंचायतीची, आणि तिन्ही वेळा निकालाच्या रात्री तोच सीन. हरलेल्या उमेदवाराच्या ओट्यावर पंधरा-वीस जण, चहा फिरतोय, आणि प्रत्येकाकडे काहीतरी आहे, कोणाकडे पाकिटाचा फोटो, कोणाकडे गाडी भरून बाहेरून मतदार आणल्याची खबर, कोणी यादीत मेलेल्या माणसाचं नाव बघितलेलं. सकाळी वकिलाला फोन जातो आणि वकील एकच विचारतो, त्या वेळी लेखी काही दिलं होतं का? सगळे एकमेकांकडे बघतात.

तो फोन करायची वेळ येण्याआधी काय काय करून ठेवायचं ते इथे लिहितोय. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, निवडणुकीत प्रत्येक टप्प्याची तक्रार त्या त्या टप्प्यावरच ऐकली जाते. यादीची यादीच्या वेळी, अर्जाची छाननीला, मशीनची सकाळी अभिरूप मतदानाला (म्हणजे खऱ्या मतदानाआधीचं चाचणी मतदान, मॉक पोल), मोजणीची निकाल वाचायच्या आधी. निकालानंतर यादीतलं मेलेलं नाव घेऊन गेलात तर साहेब म्हणणार यादी दुरुस्त करायची वेळ होती तेव्हा कुठे होतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार काही चुकत नाही.

सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका यांच्याबद्दल आहे. दुसऱ्या राज्यात कायदे वेगळे, मुदती वेगळ्या.

आधी आयोग कोणता ते बघा

यात निम्मे लोक चुकतात. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, राज्यघटनेच्या कलम ३२४ खालचा. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो तो महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेला, कलम २४३ के आणि २४३ झेडए खालचा. दोघांची ऑफिसं वेगळी, आयुक्त वेगळे, नियम वेगळे. दिल्लीच्या आयोगाला ईमेल करून "दहा दिवस झाले रिप्लाय नाही" म्हणणारे मी बघितलेत, रिप्लाय येणारच नाही ना, त्यांचा संबंधच नाही. विधानसभेला आचारसंहिताभंगाची तक्रार करायला वापरतो ते सी-व्हिजिल ॲपही त्या दिल्लीवाल्या आयोगाचं, त्याच्या भरवशावर पंचायतीची पोटनिवडणूक सोडू नका.

आणि खाली गावात तुमचा खरा माणूस म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी. ग्रामपंचायतीला तहसील कार्यालयातून नेमलेला असतो, नगरपरिषदेला बहुतेकदा प्रांत किंवा त्या दर्जाचा अधिकारी. त्याच्या वर जिल्हाधिकारी, त्याच्या वर आयोग. तक्रार कायम निर्णय अधिकाऱ्याच्या नावे द्यायची आणि प्रत जिल्हाधिकारी आणि आयोगाला. डायरेक्ट वर पाठवली तर ती फिरून त्याच टेबलावर "अहवाल सादर करावा" असा शेरा घेऊन येते, आणि तोपर्यंत मतदान उरकलेलं असतं.

पोटनिवडणूक लागली की पहिल्या दिवशी एक काम करा. आयोगाचा कार्यक्रम आणि जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस यांची प्रिंट काढा आणि प्रत्येक तारीख पेनाने गोल करा: प्रारूप यादी, हरकती, अंतिम यादी, अर्ज, छाननी, माघार, मतदान, मोजणी. आचारसंहिता नेमकी कुठपर्यंत लागू आहे तेही त्या आदेशातच असतं, ते वाचा, कारण पोटनिवडणुकीची आचारसंहिता अख्ख्या जिल्ह्याला लागू असेलच असं नाही आणि शेजारच्या गावातलं भूमिपूजन तुम्हाला आचारसंहिताभंग वाटेल पण आदेशात ते गावच नसेल.

यादी, म्हणजे खरी निवडणूक

पोटनिवडणुकीत जागा एक असते. कोणी सदस्य वारला, राजीनामा दिला किंवा अपात्र ठरला म्हणून रिकामी झालेली. ग्रामपंचायत-नगरपंचायतीच्या प्रभागात मतदार काहीशे, फार तर दोन-अडीच हजार. फरक बऱ्याचदा एक आकडी. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मतं पडून शेवटी चिठ्ठी काढावी लागली होती, आणि ती तर मुंबई, ग्रामपंचायतीत चिठ्ठीवर निकाल ही काही बातमीसुद्धा राहिलेली नाही. म्हणून यादीतली दहा नावं इकडची तिकडे झाली की खेळ संपला.

आता नियम समजून घ्या, कारण इथेच लोक रागावून चुकीचा अर्ज करतात. राज्य आयोग स्वतःची मतदार यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात आणि तिचे प्रभागाप्रमाणे तुकडे करतात. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकत चालते ती तीनच प्रकारची: विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून गळालं, माणूस या प्रभागातला पण नाव दुसऱ्या प्रभागात पडलं, किंवा लिहिणाऱ्याची चूक. नवीन नाव घालणं, मेलेल्याचं नाव कायमचं काढणं, पत्ता बदलणं हे या टप्प्यावर होतच नाही. ते विधानसभेच्या यादीत करायचं असतं, नवीन नावाला नमुना ६, वगळायला नमुना ७, दुरुस्तीला नमुना ८, आणि तेही ती ठरावीक तारीख उजाडायच्या आधी. म्हणजे सदस्य वारल्यावर पोटनिवडणूक लागणार हे गावाला त्याच दिवशी कळतं ना, तेव्हाच यादी उघडायची, कार्यक्रम जाहीर व्हायची वाट बघायची नाही. माणूस गेल्याच्या तेराव्याआधी याद्या चाळणं वाईट दिसतं हे मान्य आहे, पण समोरचा गट चाळत असतो.

यादी कशी तपासायची ते सांगतो, आम्ही गेल्या वेळी केलं तसं. यादीची प्रिंट घेतली, भाग पाडले, आणि प्रत्येक गल्लीतला एक असा माणूस पकडला ज्याला त्या गल्लीतली सगळी घरं तोंडपाठ. त्याच्या शेजारी बसून एकेक नाव मोठ्याने वाचायचं. इथेच राहतो तो टिक, बाहेर राहतो पण मतदानाला येतो तो गोल, वारला तर फुली, आणि "हा कोण?" असं म्हणाला की प्रश्नचिन्ह. एका घर नंबरवर आम्हाला सतरा नावं सापडली, चार आडनावांची, आणि ते घर म्हणजे पत्र्याची दोन खोल्यांची चाळ, ज्यात त्या वेळी एकच म्हातारी राहत होती. तिला विचारलं तर म्हणाली पूर्वी बांधकामावरची पोरं भाड्याने होती, गेली. म्हणजे नावं खोटी नव्हती, शिळी होती, आणि हे लक्षात ठेवा, यादीतली बरीच घाण ही कटकारस्थान नसते, आळस असतो. पण शिळ्या नावावर मत टाकणारा माणूस ताजा असतो, म्हणून प्रश्नचिन्हांची वेगळी यादी करून ठेवायची. ती मतदानाच्या दिवशी एजंटच्या हातात लागते.

दुबार नावांचं वेगळं. २०२५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत निवडणुकीत आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन स्टारची खूण केली होती, आणि असा माणूस बूथवर आला तर दुसरीकडे मतदान केलेलं नाही आणि करणार नाही असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं असं ठरलं होतं. तुमच्या यादीत खूण आहे का बघा, नसेल आणि तुम्हाला जोड्या सापडल्या असतील तर अनुक्रमांक-भाग क्रमांक लिहून जोडीजोडीने तक्ता करा आणि हरकतीच्या मुदतीतच द्या. "प्रभागात शेकडो दुबार नावे आहेत" या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. "भाग ३ मधील ११२ आणि भाग ५ मधील ४०८ ही एकच व्यक्ती, फोटो आणि वडिलांचं नाव सारखं" यावर करावं लागतं.

पोच हीच तुमची खरी कमाई

प्रत्येक अर्ज दोन प्रतीत. एक आवकला द्यायची, दुसऱ्यावर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घ्यायची. हे वाचायला फालतू वाटतं पण गंमत तिथेच होते. मी एकदा दुपारी सव्वातीनला आचारसंहितेची तक्रार घेऊन गेलो, क्लार्क म्हणाला साहेब फिल्डवर आहेत, ठेवून जा टेबलावर, आल्यावर बघतील. मी म्हटलं नाही, शिक्का मारून द्या. तो म्हणाला निवडणुकीचा शिक्का वेगळा आहे, कपाटात आहे, कपाटाची चावी साहेबांकडे. मग मी तिथेच बाकावर बसून तोच अर्ज फोनवर स्कॅन करून ऑफिसच्या ईमेलवर पाठवला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेला प्रत टाकली, आणि क्लार्कला दाखवलं की गेला बघा तीन एकवीसला. पाच मिनिटांत शिक्का सापडला. भांडलो नाही अजिबात, तो बिचारा सकाळपासून तीन मोठ्या ऑफिसांचे फोन घेत होता.

नाहीच घेतला तर ईमेल आणि त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्ट, दोन्ही. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवला आणि दोन निळ्या टिक आल्या याला पोच धरून बसू नका.

तक्रारीत लिहायचं काय, तर इतकंच: कोण, कुठे, किती वाजता, काय केलं, कोणी बघितलं, सोबत काय जोडलंय, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. शेवटचं सगळे विसरतात. उदाहरण म्हणून हा मजकूर बघा:

"मी प्रभाग क्र. ४ मधील मतदार, यादी भाग २ अनुक्रमांक अमुक. दि. अमुक रोजी सायंकाळी ७.१० ते ७.२५ या वेळेत समाजमंदिरासमोर अमुक उमेदवाराचे चिन्ह असलेल्या पिशव्यांमधून साड्या वाटल्या जात होत्या. मी स्वतः पाहिले. सोबत दोन फोटो व ४८ सेकंदांचा व्हिडिओ. विनंती की भरारी पथक पाठवून तात्काळ पंचनामा करावा व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मला द्यावी."

बस. लोकशाहीचा खून, हुकूमशाही, प्रशासन विकलं गेलंय, हे सगळं फेसबुकला लिहा हवं तर, अर्जात नको. अर्ज वाचणाऱ्याला पथकाला काय सांगायचं ते कळलं पाहिजे.

छाननीला हजर राहा, घरी बसून मेसेज नको

अर्जांची छाननी एका दिवसात उरकते आणि तोंडी हरकतीला काही किंमत नसते, लेखी द्या आणि त्यावर निर्णय अधिकाऱ्याचा लेखी आदेश मागा. हरकती येतात त्या ठरलेल्या: राखीव जागेवर जात प्रमाणपत्राचा घोळ, थकबाकी, दोनपेक्षा जास्त अपत्यं (१२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल, जन्मदाखला काढून आणावा लागतो, "सगळ्या गावाला माहिती आहे" चालत नाही), शपथपत्रात गुन्हे लपवणं. उमेदवाराची शपथपत्रं सगळ्यांना बघायला खुली असतात, ती त्याच दिवशी मिळवून ठेवा, पुढे लागतात.

तुमच्याच उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर? नगरपरिषद-नगरपंचायतीत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत अगदी थोडी, त्याच संध्याकाळी वकील गाठा. २०२५ ला हेच झालं होतं, २ डिसेंबरला मतदान ठरलेलं होतं पण काही ठिकाणी ही अपिलं वेळेत निकाली निघाली नाहीत म्हणून तिथलं मतदान २० डिसेंबरवर गेलं, आणि मग हायकोर्टाच्या आदेशाने सगळ्यांचीच मोजणी २१ तारखेला झाली. बाकी, अर्ज बाद झाला म्हणून निवडणूक मध्येच थांबवायला सरळ हायकोर्टात धाव घ्यायची आयडिया बहुतेक वेळा आपटते. १९५२ च्या पोन्नुस्वामी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की निवडणूक सुरू झाली की मधल्या वादांसाठी शेवटी निवडणूक याचिका हाच रस्ता, आणि स्थानिक संस्थांसाठी घटनेतच २४३ ओ आणि २४३ झेडजी अशी कलमं आहेत त्याच अर्थाची.

माघारीच्या दिवसाकडेही लक्ष ठेवा. पोटनिवडणुकीत "कशाला भांडणं, बिनविरोध करू" हे फार चालतं आणि मनापासून झालं तर त्यात बेकायदा काही नाही. पण पद बोली लावून विकलं तर ती वेगळीच गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक आयोगाने मतदानाच्या दोन दिवस आधी रद्द केली, कारण पदाचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर, खोंडामळीत ४२ लाखांवर, आणि पैसा देवळाच्या कामाला म्हणे. तिथे तक्रार टिकली कशामुळे, तर लिलावाचा व्हिडिओ होता आणि जिल्हा प्रशासनाचे अहवाल होते. गावातल्या शंभर जणांनी बघितलेली गोष्ट आधी एका मोबाईलमध्ये होती, हे विसरू नका.

लक्ष्मीदर्शन झालं तर

पैसे वाटताना दिसले तर धावत जाऊन पाकीट हिसकावू नका, हाणामारी झाली की गुन्हा तुमच्यावर. लांबून व्हिडिओ घ्या, जागा ओळखू येईल असा, एखादी पाटी, देऊळ, दुकानाचा बोर्ड फ्रेममध्ये येऊ द्या. मग पथकाला फोन, फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, आणि मागोमाग लेखी.

कायद्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १७० म्हणजे निवडणुकीतली लाच आणि १७३ मध्ये त्याची शिक्षा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नुसतं खाऊपिऊ घातलं असेल तर फक्त दंड. १७१ गैरवाजवी दबाव, १७२ दुसऱ्याच्या नावाने मतदान. लाच अदखलपात्र आहे त्यामुळे पोलिस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून मोकळे होतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, तुम्हाला वाटतं दाबलं, तसं असेलच असं नाही, कायदाच तसा आहे. म्हणून एनसीच्या कॉपीवर समाधान मानू नका, निर्णय अधिकाऱ्याच्या पथकाचा पंचनामा झाला पाहिजे यासाठी मागे लागा, रोख रकमेचा जप्ती पंचनामा पुढे कोर्टात एनसीपेक्षा दहापट कामाला येतो.

आणखी एक अडचण, जी कोणी आधी सांगत नाही. लाच घेणाराही त्याच कलमात गुन्हेगार आहे. त्यामुळे "मला दोन हजार दिले" असं तोंडी सांगणारे वीस असतात आणि शपथपत्रावर सही करणारा एकही नसतो. चांगला साक्षीदार तो ज्याने घ्यायला नकार दिला, किंवा ज्याने नुसतं बघितलं. असा एक जरी असला तरी त्याला सांभाळा, आणि त्याच्यावर गावात किती प्रेशर येणार आहे हे त्याला आधीच खरं खरं सांगा.

व्हिडिओचं म्हणाल तर ओरिजिनल फाईल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवली की ती दाबली जाते, तारीख-वेळ उडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत, एक भाग फाईल देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. ज्याने शूट केलं त्यालाच पहिला भाग भरावा लागणार, म्हणून "कोणीतरी ग्रुपवर टाकला" हा व्हिडिओ कोर्टात जवळजवळ निरुपयोगी. मोबाईल बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला.

मतदानाचा दिवस

मतदान साडेसातला सुरू होतं, साडेपाचला संपतं. एजंटने त्याच्या बरंच आधी पोचायचं, कारण अभिरूप मतदान त्याआधी होतं आणि मशीनची एकमेव खरी तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर तीच. प्रत्येक उमेदवाराला मतं टाकून बघायची, बेरीज जुळवायची, मग मशीन क्लिअर करून शून्य दाखवायला सांगायचं. हे नक्की करा, कारण आपल्याकडे स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं, चिठ्ठी पडताना दिसणार नाही आणि नंतर मोजायलाही मिळणार नाही. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि सील यांचे नंबर वहीत उतरवा. गेल्या वेळी आमच्या एजंटने सीलचा एक आकडा चुकीचा लिहिला आणि मोजणीच्या दिवशी आम्हीच अर्धा तास बोंबललो की सील बदललं, शेवटी केंद्राध्यक्षाच्या कागदावर त्याचीच बरोबर नंबराखाली सही निघाली. पोरगं दोन दिवस तोंड लपवत होतं. त्यामुळे आता नियम: एक लिहितो, दुसरा वाचून ताडतो.

दिवसभरात बोगस मतदानाचा संशय आला तर माणूस आत असताना, शाई लागायच्या आधी, केंद्राध्यक्षांकडे आक्षेप घ्यायचा. त्यासाठी नाममात्र पैसे भरावे लागतात, सुटे ठेवा. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे ओळख पटवतो आणि ठरवतो. मत टाकून तो रस्त्याला लागल्यावर आरडाओरड करून काही होत नाही, मशीनमधलं मत परत काढता येत नाही. इथे ती प्रश्नचिन्हांची यादी कामाला येते, एजंटच्या पुढ्यात ती हवी, आणि प्रत्येकावर आक्षेप घेऊन रांग अडवायची नाही, खात्रीच्या चार-पाच नावांवरच घ्यायचा, नाहीतर केंद्राध्यक्ष तुमचं ऐकणं बंद करतो.

एखादा खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर त्याला परत पाठवू देऊ नका. त्याला प्रदत्त मत मागायला सांगा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात, पाकिटात सील होतं, मोजणीत धरत नाहीत, पण पुढे याचिकेत त्या माणसाच्या जागी दुसराच येऊन गेला याचा तोच सगळ्यात पक्का पुरावा. दुर्दैवाने बहुतेक लोक चिडून घरी निघून जातात.

बूथमध्ये मोबाईल नेऊ नका, फोटो काढू नका, गुप्ततेचा भंग तुमच्याच गळ्यात पडेल. जे घडेल ते कागदावर: वेळ, घटना, केंद्राध्यक्षांना काय सांगितलं, ते काय म्हणाले. शेवटी मशीन बंद झालं की नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत मागून घ्या. हा एक कागद हातात असेल तर मोजणीत मशीनवर येणारा आकडा पाच सेकंदात ताडता येतो.

मोजणी

पोटनिवडणुकीची मोजणी पंधरा-वीस मिनिटांत आटपते, आणि म्हणूनच हुकते. मशीन आलं की आधी नंबर आणि सील बघा, मग एकूण मतं हिशेबाच्या कागदाशी जुळवा, मग उमेदवारनिहाय आकडे. काही पटलं नाही तर फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर व्हायच्या आधी, लेखी, कारणासह. खिशात अर्धा लिहिलेला अर्ज तयारच ठेवा, कारण बाहेर गुलाल उडायला लागल्यावर आत पेन सापडत नाही. फेटाळला तर फेटाळल्याचा आदेश लेखी घ्या.

निकालानंतर दोन वेगळे दरवाजे

एक दरवाजा निवडणूक याचिकेचा. ग्रामपंचायतीला अधिनियमाचं कलम १५: निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. नगरपरिषद-नगरपंचायतीला १९६५ च्या अधिनियमाचं कलम २१: राजपत्रात नाव प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत, जिल्हा न्यायालयात. महानगरपालिकांनाही १० दिवसच. उमेदवारच लागतो असं नाही, तिथला मतदारही करू शकतो. उशीर माफ होईल या भरवशावर अजिबात राहू नका, आणि राजपत्राची तारीख स्वतः तपासा, कोणी सांगितली म्हणून धरू नका.

याचिकेआधी एक साधं गणित करा. फरक किती मतांचा आणि तुम्ही किती मतं खोटी दाखवू शकता? ११ मतांनी हरलात आणि बोगस मतं चार सिद्ध होतायत, तर चारही खरोखर समोरच्याला पडली असं धरलं तरी निकाल बदलत नाही, आणि कोर्ट विचारणार की निकालावर परिणाम काय झाला. लाचेसारखा भ्रष्ट मार्ग खुद्द उमेदवाराने वापरल्याचं सिद्ध होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नुसतं गणित नाही बघत, पण मग पुरावा उमेदवारापर्यंत नेऊन भिडवावा लागतो, "त्याचा मेव्हणा वाटत होता" इथपर्यंत पोचून बऱ्याच केस बसतात. वकिलाने हे गणित न करता थेट फी सांगितली तर दुसरा वकील बघा.

दुसरा दरवाजा अपात्रतेचा. तिसरं अपत्य, अतिक्रमण, थकबाकी असल्या गोष्टी निवडून आल्यानंतरही जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतात, ग्रामपंचायतीला कलम १६, नगरपरिषदेला कलम ४४. इथे त्या दहा-पंधरा दिवसांची घाई नाही, म्हणून याचिकेची मुदत हुकलेल्यांना हा रस्ता तरी उरतो. पण पैसे वाटले, बोगस मतदान झालं हे विषय इथे चालत नाहीत, दोन्हीची खिचडी करून एकच अर्ज देणारे दोन्हीकडून रिकामे येतात.

पोटनिवडणुकीत अजून एक कटकट म्हणजे निवडून आलेल्याला फक्त उरलेला काळ मिळतो. बॉडीचं दीड वर्ष उरलंय आणि याचिका दोन वर्षं चालली तर निकाल लागेपर्यंत खुर्चीच नाही. त्यामुळे पहिल्याच तारखेला मुदत किती उरली ते लिहून लवकर सुनावणीचा अर्ज टाकायचा, साक्षीदारांची यादी छोटी ठेवायची, आणि मशीन, मतदानाचे कागद, प्रदत्त मतांची पाकिटं जपून ठेवायचा आदेश मागायचा, नाहीतर ठरलेल्या मुदतीनंतर ती नष्ट करतात किंवा मशीन पुढच्या निवडणुकीला निघून जातं.

आणि खर्च. प्रत्येक उमेदवाराने, हरलेल्यानेसुद्धा, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. २०२५ च्या निवडणुकीला क वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यासाठी अडीच लाखांची मर्यादा होती, तुमच्या पोटनिवडणुकीची मर्यादा आदेशात बघा. ग्रामपंचायतीत हिशेब दिलाच नाही तर कलम १४ ब खाली पाच वर्षं अपात्र. एकतिसाव्या दिवशी तहसीलला आरटीआयचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, सगळ्या उमेदवारांच्या हिशेबाच्या प्रती आणि त्या दाखल झाल्याच्या तारखा मागा. त्याआधी स्वतःच्या उमेदवाराचा हिशेब गेलाय का ते विचारून घ्या. आमचा त्या वेळी एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी सापडला, मोटारसायकलच्या डिकीत, पेट्रोलच्या पावत्यांसकट.